मोटरीचा पट

तिरोड्यात ज्यांना चारचाकी चालवता येते, त्यांतल्या निम्म्यांना ती पुष्पांजली रहांगडाले यांनी शिकवलेली आहे, आणि हे तिरोड्याबाहेर लगेच ओळखू येतं. गोंदियाच्या रस्त्यावर मागे हॉर्नांचा कल्ला उठलाय आणि पुढे एक गाडी निवांत चाललीय, असं दिसलं की लोक म्हणतात, "मॅडमचा चेला दिसते."

मॅडमची शिकवायची गाडी पांढरी, डोक्यावर पिवळी पाटी. शिकणारा उजवीकडे, मॅडम डावीकडे. त्यांच्या पायाखाली वेगळा क्लच आणि वेगळा ब्रेक. शिकणाऱ्याला म्हैस दिसायच्या आत मॅडमचा पाय ब्रेकवर पडलेला असतो. गिअर अडला की उजवा हात पुढे करून त्याच टाकतात, स्टिअरिंग भलतीकडे गेलं की तेही त्याच हातानं वळवतात, आणि वर तोंड चालूच. "आरसा पाहा. हळू. हळू गा, घरी आग नाई लागली." टिकारामच्या पानठेल्यावर सांगतात की एकदा मॅडमच्या गाडीला बैलबंडीनं मागे टाकलं. बंडीवाल्यानं वळून रामराम केला, तर तो घ्यायला मॅडमनी गाडी बाजूला थांबवली. खरंखोटं टिकारामला माहीत. पण मॅडमना विचारलं तर त्या "बैल चांगले होते" एवढंच म्हणतात. आता काय समजायचं ते समजा.

त्यांना गाडी शिकवली ती त्यांच्या भावानं, भोजराज कटरेनं. भोजराज गोंदियाच्या एका राईस मिलवाल्या सेठचा ड्रायव्हर. मिलच्या वाळवणाच्या ओट्यावर जुनी जीप होती, तिच्यात त्यानं धाकट्या बहिणीला बसवलं आणि शिकवलं ते फक्त एक्सलेटर. "दाब! डरू नको, दाब!" तिनं दाबला. जीप धानाच्या पोत्यांच्या थप्पीत घुसली, वरची पोती टपावर आली, आणि भाऊबहीण आत धानात बसलेले. त्या दिवसापासून पुष्पांजलीचा पाय ब्रेकवर गेला तो गेलाच. पुढे लग्न होऊन तिरोड्याला आल्यावर त्यांनी त्याच पायावर धंदा उभा केला.

भोजराजचं मात्र उलटं. त्याच्या बापाची पटाची जोडी होती. आपल्याकडे पट म्हणजे शंकरपट. हिवाळ्यात धान घरात आलं की गावोगाव बैलांच्या शर्यती लागतात. सरळ दौड, बैल सुटले की डोळ्याचं पातं लवत नाही तोवर खेळ खलास. बाप गेला, बैल गेले, पण भोजराजच्या अंगातला पट गेला नाही. सेठ मागच्या सीटवर डोळे मिटून रामनाम घेत बसायचा, ते भक्तीनं नव्हे.

या भोजराजला नोकरी सोडताना सेठनं लोक देतात तसं घड्याळ द्यावं की नाही? गाडी दिली. लाल, बुटकी, दोन दारांची, दोन सीटांची परदेशी स्पोर्ट्स कार. सेठनं ती पोरासाठी हौसेनं आणवली होती. पोरगा परदेशी गेला, गाडी इथं राहिली. तिचं स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे गोंदियात ती कोणाला चालवता येईना. सेठचं गॅरेज रिकामं झालं आणि वर उपकारही झाले. भोजराजनं ती तिरोड्याजवळच्या आपल्या गावी, घरी आणली, पण जन्मभर उजवीकडे बसलेला माणूस. आपल्या उजव्या अंगाला गाडी किती उरलीय याचा अंदाजच येईना. गावात शिरताना हातपंपाचा ओटा घेऊन आला. तेव्हापासून गाडी आंगणात ताडपत्रीखाली आणि भोजराज तिच्यासमोर खाटेवर.

ती कोण चालवणार, हा प्रश्न सुटला तो असाच, एका राखीपौर्णिमेला. मॅडम भावाकडे आल्या, ताडपत्री काढली, डावीकडे बसल्या, उजव्या हातानं गिअर टाकला आणि गाडी फाटकातून अशी बाहेर काढली की दोन्हीकडे सारखी जागा. वीसेक वर्षं त्या डावीकडेच तर बसल्या होत्या! फरक एवढाच की या वेळी स्टिअरिंगही तिकडेच होतं.

"बाई," भोजराज म्हणाला, "हे तुह्यासाठीच बनवली हाये."

"बनवली त बनवली. ओरडते काऊन एवढी?"

भोजराजची बायको सुशिलाबाई हिला मात्र ही सवत डोळ्यांसमोर नको होती. तिच्या आंगणाची अर्धी जागा गाडीनं खाल्लेली. शेंगा कुठं टाकायच्या, तांदूळ कुठं पसरायचे? एका जानेवारीत भोजराजच्या मोबाइलवर एक निरोप फिरत आला: देवरीच्या पलीकडे, छत्तीसगडच्या हद्दीत, एका मोटार क्लबाच्या खासगी ट्रॅकवर जुन्या स्पोर्ट्स गाड्यांसाठी 'ट्रॅक डे' आहे, आपली गाडी आणा आणि पळवा. भोजराजनं तो बायकोला वाचून दाखवला, पण आपल्या भाषेत. "मोटरीचा पट हाये. आपली गाडी जाईल."

"कोन चालवील? तुमी? हातपंप उरला नाई आता गावात."

"पुष्पा चालवील."

सुशिलाबाई हसली नाही. कमरेवर हात ठेवून तिनं निकाल दिला. "न्या. आपल्या पायानं गेली अन् आपल्या पायानं आली, त राहू द्या आंगनात, मी जलमभर काही बोलनार नाई. पन दुसऱ्याच्या पाठीवर बसून आली, त तशीच भंगारात. घरी आनाची नाई."

"कबूल," भोजराज म्हणाला. मागे गावपटात बैल पैजेवर लावताना त्याचा बापही असंच म्हणायचा म्हणे, घरात न विचारता.

मॅडमनी आधी साफ नाही म्हटलं. "दादा, मी लोकायले हळू चालवा सांगतो, अन् मी पटात जाऊ? तिरोड्यात तोंड कसं दाखवू?" पण दादानं एकदा ताडपत्रीकडे आणि एकदा बहिणीकडे पाहिलं, तसं पाहणं त्याला चांगलं जमतं. मॅडम कबूल झाल्या. अट एकच: गाडी नीट तयार झाली पाहिजे.

तयार करायला बोलावला तिरोड्याचा मिस्त्री प्रफुल्ल गजभिये. हात चांगला, पण तोही याच मातीतला. भोजराज 'पट' म्हणाला आणि प्रफुल्लच्या डोक्यात पटच बसला. एक सरळ दौड, बस्स. मग दोघांनी गाडीची जी तयारी चालवली, ती बघायला गाव लोटलं.

पहिल्यांदा बोनट उघडलं तर एअर फिल्टरमध्ये उंदरांनी धानाच्या कोंड्याचं घर केलेलं. ते काढलं. कार्बोरेटर उतरवून पेट्रोलनं धुतला, प्लग बदलले, पट्टा बदलला. टायर दिसायला नवे, पण बसून बसून लाकूड झालेले. ते नागपूरहून मागवले. इथवर ठीक. मग भोजराज म्हणाला, पटाच्या बैलाच्या अंगावर जास्तीचं काही नसावं. झालं. स्टेपनी काढली, जॅक काढला, पायाखालचा गालिचा काढला, रेडिओ काढला. प्रफुल्लनं मागचा आरसाही काढायला घेतला, "मांगं पाहाचं कायले, पुढंच जायचं हाये ना?" म्हणत. मॅडम नेमक्या तेव्हा आल्या म्हणून आरसा वाचला.

दृष्ट लागू नये म्हणून बंपरला लिंबूमिरची बांधली. आणि पटाच्या जोडीला दौडीआधी काम देत नाहीत, पूर्ण आराम देतात, म्हणून भोजराजनं गाडीलाही आराम दिला. कोणाला चावी लावू देईना. "थकवू नका तिले." आठवडाभरानं मॅडमनी चावी फिरवली तर गाडीनं टिक् केलं आणि गप्प. बॅटरी झोपली होती.

"आराम जास्त झाला का गा, दादा?" मॅडमनी विचारलं.

बॅटरी चार्ज झाल्यावर मॅडमनी गाडी गावाबाहेरच्या कॅनॉलच्या रस्त्यावर काढली आणि पहिल्याच वळणाला ब्रेक दाबला. गाडी थांबली, पण बाभळीच्या झाडाशी बोलून झाल्यावर. मॅडम परत आल्या त्या उतरल्याच नाहीत. तिथूनच म्हणाल्या, "प्रफुल्ल, ब्रेक कोनी पाह्यले?"

प्रफुल्लनं भोजराजकडे पाहिलं. भोजराजनं आभाळाकडे.

"मॅडम, पटात ब्रेक कुठं लागते?" प्रफुल्ल म्हणाला. "दौड झाली का मानसं धरतेत."

"मानसं गाडी धरतेत?"

आता दोघांच्या डोक्यात उजेड पडला. मॅडमनी मोबाइलवर त्या ट्रॅकचं चित्र दाखवलं. क्लबानं पाठवलेलंच होतं, भोजराजला ती आपली नक्षी वाटली होती. ट्रॅक सरळ नव्हता. ओली लुंगी पिळून टाकावी तसा वाकडातिकडा, आणि जिथून निघाला तिथंच परत येणारा.

"म्हंजे," भोजराज खाटेवर बसत म्हणाला, "पोहोचाचं कुठंच नाई?"

मग उलटी वरात निघाली. पुढचे पॅड नवे, मागचे शू नवे, डिस्क घासून सारख्या केल्या. मॅडमनी रोज क्लास संपवून यायचं आणि कॅनॉलच्या रस्त्यावर ब्रेक दाबून बघायचा. पेडल कडक लागतंय, गाडी सरळ थांबतेय, एका अंगाला ओढत नाही. ब्रेकमधलं मॅडमना जेवढं कळतं तेवढं तिरोड्यात कोणाला कळत नाही, असं त्या स्वतःही मानत होत्या. शेवटी "जमलं" म्हणाल्या. प्रफुल्लनं हात पुसले.

ट्रॅक डेला भल्या सकाळी निघाले. लाल गाडीत मॅडम आणि भोजराज, मागे पिवळ्या पाटीच्या गाडीत प्रफुल्ल आणि सुशिलाबाई. सुशिलाबाईला कोणी बोलावलं नव्हतं. "पैज माही हाये, पाहाले मी नाई येऊ त कोन?" म्हणून डबा घेऊन ती आधीच बसलेली. देवरीच्या जंगलातून ट्रकांची रांग यांना मागे टाकून गेली. भोजराज तोंड लपवून बसला.

ट्रॅकवर रायपूरची, नागपूरची चकाचक मंडळी. तपासणीवाल्यानं लिंबूमिरची काढायला लावली, सैल काही राहिलं नाही ना बघितलं, ब्रेक दाबून पाहिला, हेल्मेट पाहिलं. मॅडमनी हेल्मेट पदरावरून घातलं होतं, ते काढून पदर खोचायला लावला. नव्या माणसासोबत पहिल्या खेपेला क्लबाचा शिकवणारा बसतो. लाल टोपीतला एक रायपूरकर उजवीकडे येऊन बसला.

आता मॅडमच्या उजवीकडे जो बसतो तो शिकणारा, ही वीस वर्षांची सवय. गाडी सुटली तशा मॅडम चालू झाल्या. "आरसा पाहा." तो बिचारा आरसा शोधू लागला. वळण दाखवायला त्यानं हात बाहेर काढला. "हात आत घ्या!" त्यानं घेतला. "मैडम, थोडा तेज़ चला सकते हैं," तो म्हणाला. "घाई कायची हाये?" मॅडम म्हणाल्या. मागून निळा झेंडा हलला, म्हणजे मागच्यांना जाऊ द्या. मॅडमनी सगळ्यांना जाऊ दिलं. कुंपणापाशी भोजराज ओरडत होता, "दाब! दाब नं वं पुष्पा!" सुशिलाबाई चिवडा खात होती. लाल टोपीवाला उतरला तेव्हा त्यानं मॅडमना चुकून नमस्कार केला.

दुसऱ्या खेपेला मॅडम एकट्या होत्या, आणि उजवीकडची सीट रिकामी.

एवढी वर्षं त्या सीटवर कोणी ना कोणी होतं, ज्याला वाचवायचं होतं. आज कोणी नाही. समोर म्हैस नाही, सायकल नाही, शाळा सुटलेली नाही. मॅडमनी सरळ रस्त्यावर पाय थोडा दाबला. गाडी ओरडली. त्यांनी आणखी दाबला. वळण आलं, त्यांचा पाय सवयीनं उठला, आणि त्यांच्या लक्षात आलं, अजून वेळ आहे. ब्रेक किती लवकर दाबावा हे त्यांना पाठ होतं. किती उशिरा दाबता येतो, हेही मग त्यांना ठाऊक असणारच की! फक्त कधी कामाला आलं नव्हतं. त्यांनी उशिरा दाबला. गाडी वळली. पुढच्या वळणाला आणखी उशिरा. एक निळी गाडी मागे पडली. ती कोणाची होती, नागपूरच्या कुठल्या डॉक्टरची की काय, हे टिकारामच्या ठेल्यावर दर वेळी बदलतं. पण मागे पडली हे खरं.

कुंपणापाशी भोजराजचा आवाज हळूहळू बदलला. आधी "दाब!" मग नुसतं "बापा!" आणि शेवटी, ज्या माणसानं जन्मात तो शब्द उच्चारला नव्हता, तो दोन्ही हात हलवत ओरडू लागला, "हळू! हळू वं पुष्पा! हळू!"

सुशिलाबाईचा हात डब्यातच राहिला. "बाई हासून राहिली पाहा," ती प्रफुल्लला म्हणाली. हेल्मेटाच्या आत दात दिसत होते.

खेप संपल्याचा झेंडा हलला. मॅडम म्हणतात, त्यांना झेंडा दिसला नाही. झेंडा चादरीएवढा होता. सगळ्या गाड्या आत वळल्या, लाल गाडी पुढे निघून गेली, आणखी एक चक्कर मारायला.

त्याच चकरेत, लांबच्या वळणाला, ब्रेकचं पेडल खाली बसलं. मॅडमनी पुन्हा दाबलं. चिखलात पाय जावा तसा गेला. डोकं शाबूत होतं. गिअर उतरवले, गाडी गवतात घातली, हँडब्रेक ओढला, आणि कडेला रचलेल्या जुन्या टायरांच्या भिंतीत बंपर टेकवून थांबवली. चाकांतून धूर निघत होता आणि जळका वास येत होता. मॅडम स्टिअरिंग धरून तशाच बसून राहिल्या. आजवर पोतीसुद्धा त्यांनी एकदाच पाडली होती.

प्रफुल्लनं ब्रेकच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडलं आणि कपाळाला हात लावला. पॅड नवे, शू नवे, पण ब्रेकच्या नळ्यांतलं तेल सेठच्या काळातलं, काळं ठिक्कर. ते बदलायचं दोघांच्याही मनात आलं नव्हतं. कॅनॉलच्या रस्त्यावर एकदोनदा दाबायला ते पुरलं. इथं सारखं दाबून तापलं आणि उकळलं.

थोड्या वेळानं गाडी निवली. भोजराजनं आत हात घालून पेडल दाबलं आणि उजळला. "आला! आला पाहा ब्रेक! चाला घरी, आपल्या पायानं."

मॅडमनी दाबून पाहिलं. आला होता, पण अर्धा. खाली पाणी भरलेल्या फुग्यासारखं. समोर परतीचा रस्ता, देवरीकडचे उतार, मागेपुढे ट्रक. भोजराज हात जोडायच्या बेतात. सुशिलाबाई डबा बंद करून उभी. गाडी आत्ता चालू करून निघाल्या असत्या तर पैज जिंकलेली होती.

"नाई," मॅडम म्हणाल्या.

"पुष्पा, हळू हळू जाऊ नं! तुह्यापेक्षा हळू कोन चालवते?"

"थांबत नाई ते गाडी मी रस्त्यावर नेत नाई, दादा. एखाद्या पोरानं नेली असती, त मी त्याच्या कानाखाली वाजवली असती."

"भंगारात जाईल वं."

"जाऊ दे. जास्तीची चक्कर मीच मारली. तुह्यी गाडी मी घालवली, मले बोल."

भोजराज लांब जाऊन टायरांवर बसला. प्रफुल्लनं गोंदियाकडे रिकामा परतणारा धानाचा ट्रक थांबवला, मातीच्या उतारावरून गाडी वर चढवली, चाकांखाली लाकडं दिली, दोरानं बांधली. दुसऱ्याच्या पाठीवर बसून गाडी निघाली. भोजराज मागे गाडीजवळच बसला, हवेत. केबिनमध्ये ड्रायव्हर, मॅडम आणि सुशिलाबाई. प्रफुल्ल मागून पिवळ्या पाटीची गाडी घेऊन येत होता.

आमगाव मागे पडलं, गोंदिया आलं. नाक्यावर ट्रकवाल्यानं वेग कमी केला. "बाई, उतरवना कहाँ है? भंगारवाला बोले थे आप, तो इधर. तिरोडा, तो सीधा."

मॅडम समोर बघत म्हणाल्या, "वहिनी, बोलल्याप्रमानं करा. मी मधात येत नाई."

सुशिलाबाईनं पदरानं तोंड पुसलं. "करीनच. माही जबान फिरत नाई. गाडी भंगारातच जाईल." मग ती मॅडमकडे वळली. "पन हे बाई एकटी मजा मारून आली. एवढी दात काढून हासली, काय हाये तरी काय तिच्यात? मले एक चक्कर मारू द्या पहिले. मंग न्या भंगारात."

"ब्रेक नाई तिले, वहिनी."

"त ब्रेक बसवा. मराची घाई नाई मले." आणि ट्रकवाल्याला, "भाऊ, सीधा चलो."

प्रफुल्लनं नळ्या बदलल्या, तेल बदललं, आणि मॅडमनी या वेळी झाकण स्वतः उघडून पाहिलं. त्याला आता बरेच दिवस झाले. वहिनींची चक्कर झाली की गाडी भंगारात, हा करार गावभर सगळ्यांना पाठ आहे. मात्र ती चक्कर काही होत नाही. आधी चण्याची सोंगणी होती. मग भाचीचं लग्न. मग ऊन फार. मग रस्त्यावर चिखल. मॅडम रविवारी हेल्मेट घेऊन येतात, चावी फिरवतात, इंजिन गरम होऊ देतात आणि हाक मारतात, "वहिनी, चला, बसा."

"आज नाई वं बाई, आज उपास हाये. गरगरते."

"बरं," मॅडम म्हणतात, इंजिन बंद करतात आणि चहाला बसतात.

भोजराज खाटेवर असतो, पण या बोलण्यात तो पडत नाही. वर मान करून बघतसुद्धा नाही. उगाच आपण काही म्हणावं, आणि बायको खरंच उठून गाडीत जाऊन बसावी!